टेरेसवर डब्ल्यूपीसी डेक बसवताय? रंग शोरूममध्ये नाही, दुपारी एक वाजता टेरेसवर ठरवा

गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका दुपारी माझी मावशी पुण्यातल्या तिच्या टेरेसवर कुरडया उलटायला गेली. पायात चप्पल नव्हती. वाळवणाजवळ ती चप्पल घालून कधीच जात नाही. दहा-बारा मिनिटांनी आत आली, हात धुतले, जेवली. संध्याकाळी पाय धुताना तळव्यावर मोठा फोड दिसला. चटका तिला जाणवलाच नव्हता. तिला बरीच वर्षं मधुमेह आहे आणि तळपायांची संवेदना कमी झाली आहे.

टेरेस तीच, ऊन तेच, सवयही तीच. बदललं होतं ते इतकंच, की आधीच्या डिसेंबरमध्ये तिथल्या जुन्या पांढऱ्या चायना मोझॅकवर चारकोल रंगाचा डब्ल्यूपीसी डेक बसवला होता. रंग निवडताना मावसभावाबरोबर शोरूममध्ये मीही होतो. मेकॅनिकल इंजिनीअरिंगची चार वर्षं, त्यात हीट ट्रान्सफर हा अख्खा विषय, आणि माझं तज्ज्ञ मत काय, तर "भारी दिसतंय."

यंदा आई-बाबांना साताऱ्याच्या घराच्या टेरेसवर तसाच डेक हवा आहे. बाबांनाही मधुमेह आहे. त्यामुळे या वेळी रंगाचा विषय जरा मन लावून समजून घेतला. तुमच्याही घरात टेरेस किंवा बाल्कनीसाठी शेड कार्ड फिरत असेल, तर ऑर्डर देण्याआधी पुढचं वाचा.

डब्ल्यूपीसी म्हणजे काय आणि त्यात रंग कुठे असतो?

डब्ल्यूपीसी म्हणजे वुड प्लास्टिक कंपोझिट. लाकडाचा भुसा किंवा बारीक पूड, पॉलिथिन किंवा पीव्हीसीसारखं प्लास्टिक, रंगद्रव्य आणि उन्हापासून बचाव करणारी रसायनं एकत्र वितळवून साच्यातून फळी काढतात. आपल्याकडे साधारण १४० मिलिमीटर रुंद, २५ मिलिमीटर जाड आणि साडेनऊ फुटांच्या आसपास लांब फळ्या सर्रास मिळतात. वाळवी नाही, दरवर्षी पॉलिश नाही, म्हणून सागवानाऐवजी लोक हे घेतात.

यात दोन प्रकार आहेत आणि रंगाच्या दृष्टीने हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. साध्या फळीत रंग आरपार एकच असतो आणि लाकडाची पूड थेट उन्हाला सामोरी जाते. कॅप्ड किंवा को-एक्स्ट्रूडेड फळीवर प्लास्टिकचं पातळ कवच असतं. रंग आणि लाकडासारख्या रेषा त्या कवचात असतात. विक्रेत्याला सांगा, कापलेला तुकडा दाखवा. कडेला वेगळ्या रंगाची बारीक रेघ दिसली तर ती कॅप्ड. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

गडद फळी नेमकी किती तापते?

निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. चारकोल, वेंगे, गडद वॉलनट यांसारखे रंग त्यातली ८५ ते ९० टक्के शोषतात. वाळूसारखा किंवा फिका राखाडी रंग साधारण निम्मी शोषतो. म्हणजे दोन फळ्यांमध्ये प्रत्येक चौरस मीटरमागे साडेतीनशे-चारशे वॅटचा फरक. ही उष्णता वारा आणि उत्सर्जन यांतून बाहेर जावी लागते आणि ती जाईपर्यंत फळी तापत राहते.

हवेचं तापमान ३८ अंश आणि वारा मंद धरला, तर ढोबळ गणितात गडद फळी ६५ ते ७० अंशांपर्यंत जाते आणि फिकी ५० ते ५५ पर्यंत. फरक १५ अंशांचा. तुमच्या टेरेसवर वारा किती, कठडा किती उंच, यावर आकडे वर-खाली होतील, पण क्रम बदलणार नाही.

आता हे आकडे पायाला लावून बघू. उष्ण पृष्ठभागांना स्पर्श झाल्यावर त्वचा कधी भाजते, यासाठी आयएसओ १३७३२-१ हे मानक आहे. त्यानुसार प्लास्टिक किंवा लाकडासारख्या पृष्ठभागाला सलग एक मिनिट स्पर्श राहिला तर भाजण्याचा उंबरठा ६० अंशांच्या आसपास आहे. दहा मिनिटं राहिला तर तो ४८ अंशांवर येतो.

म्हणजे चारकोलवर दुपारी मिनिटभर उभं राहणंही धोक्याचं. फिक्या फळीवरून दोरीवरचे कपडे घाईने काढून आणता येतील, पण त्यावरही दहा मिनिटं अनवाणी थांबू नये. पाय शाबूत असलेला माणूस त्याआधीच उड्या मारत आत येतो. ज्याला चटका कळत नाही तो थांबतो. रांगणारं बाळही पटकन उठून पळू शकत नाही. मावशीच्या बाबतीत काय झालं असेल, ते मला हे मानक वाचताना कळलं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. फिका रंग घेतला म्हणून मे महिन्याच्या दुपारी डेक 'थंड' राहणार नाही. रंगामुळे मिळतात ते तास. फिकी फळी सकाळी उशिरापर्यंत आणि दुपारी चार-साडेचारनंतर पुन्हा चालण्याजोगी होते. गडद फळीला त्यासाठी ऊन पूर्ण उतरेपर्यंत थांबावं लागतं. संध्याकाळचा चहा टेरेसवर किती वाजता घ्यायचा, हे शेड कार्डावर ठरतं.

सागवानाची फळी इतकी का भाजत नाही?

आजोळच्या लाकडी झोपाळ्यावर उन्हातही बसलोय, मग यालाच काय झालं, असं मावशीने विचारलं होतं. उत्तर घनतेत आहे. सागवान साधारण पाण्याच्या पाऊणपट किंवा त्याहून कमी वजनाचं असतं. बहुतेक डब्ल्यूपीसी पाण्यापेक्षा जड. जड, भरीव पदार्थ त्याच तापमानाला पायात जास्त वेगाने उष्णता सोडतो. त्यामुळे 'वुड फिनिश' कितीही हुबेहूब असलं तरी पायाला ते लाकूड वाटत नाही.

आणखी एक मेख आहे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश हा सूर्याच्या ऊर्जेचा निम्म्याहून कमी भाग आहे. उरलेली ऊर्जा बहुतांश इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे न दिसणाऱ्या पट्ट्यात असते. त्यामुळे दिसायला अगदी सारख्या तपकिरी असलेल्या दोन फळ्या वेगवेगळ्या तापू शकतात. एकीत इन्फ्रारेड परतवणारं रंगद्रव्य असतं, दुसरीत नसतं. काही कंपन्या 'कूल' किंवा 'हीट रिफ्लेक्टिव्ह' म्हणून विकतात ते हेच. दाव्याबरोबर एसआरआय, म्हणजे सोलर रिफ्लेक्टन्स इंडेक्सचा आकडा मागा. आकडा जितका मोठा तितकी फळी कमी तापते. आकडा नसेल तर 'कूल' हा फक्त छापलेला शब्द समजा.

तुमची टेरेस कुठे तोंड करून आहे?

हा प्रश्न मला एकाही शोरूममध्ये कुणी विचारला नाही. खरं तर तो पहिला असायला हवा.

महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य जवळपास डोक्यावर येतो. पुण्यात १३-१४ मे आणि मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो. नागपुरात तो मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आडव्या पृष्ठभागावर ऊन सरळ पडतं. याउलट डिसेंबरमध्ये पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. मावशीकडचा डेक डिसेंबरमध्ये बसवला तेव्हा आम्ही त्यावर अनवाणी बसून शेंगा खाल्ल्या होत्या. सुखद ऊब होती, आणि तिथेच फसलो.

यातून काही गमतीशीर निष्कर्ष निघतात. वर स्लॅब असलेली दक्षिणेची बाल्कनी थंडीत उन्हाने भरून जाते, पण मे महिन्यात डोक्यावरच्या उन्हापासून तो स्लॅबच तिला वाचवतो. तिथे तुम्हाला वॉलनट आवडत असेल तर खुशाल घ्या. पूर्वेच्या बाल्कनीचं ऊन दुपारपर्यंत सरतं. मध्यम रंग चालतो. पश्चिमेची बाल्कनी सगळ्यात त्रासदायक, कारण हवा सर्वात गरम असते त्याच वेळी तिरपं ऊन स्लॅबखालून आत शिरतं. आणि वर काहीच नसलेली उघडी टेरेस असेल, तर गडद रंगाचा विषय माझ्या मते तिथेच संपवावा. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे तर मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जाणं नवीन नाही. तिथे वरच्या गणितात आणखी सहा-सात अंश मिळवा.

इंटरनेटवर सापडणारा बहुतेक सल्ला अमेरिकेतला आहे आणि तो तिथल्या उन्हासाठी लिहिलेला आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीच्या मागच्या अंगणात गडद राखाडी डेक आहे आणि फोटोत तो झकास दिसतो. पण तिथे सूर्य जूनमध्येही डोक्यावर येत नाही आणि वर्षातले काही महिने तिला हीच ऊब हवी असते. मावसभावाच्या मोबाइलमध्ये 'इन्स्पिरेशन' म्हणून सेव्ह केलेला फोटो तिचाच होता.

उंच इमारतींत राहणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट तपासावी. समोरच्या किंवा स्वतःच्याच खिडकीच्या परावर्तक काचेवरून उन्हाचा पट्टा डेकवर पडत असेल, तर तेवढी जागा इतर डेकपेक्षा खूप जास्त तापते. अशा ठिकाणी फळ्या वाकल्याची उदाहरणं आहेत आणि गडद फळीत हा धोका वाढतो.

गडद फळी प्रसरणही जास्त पावते. साडेनऊ फुटांची फळी पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या चटक्यापर्यंत चार-पाच मिलिमीटर लांबू शकते. कारागिराने टोकांना फट ठेवली नसेल तर फळ्या एकमेकींना ढकलून उचलल्या जातात. थंडीत काम करून घेत असाल तर फट नीट ठेवली आहे ना, हे स्वतः उभं राहून बघा.

रंग उडतो का? किती?

उडतो. प्रश्न फक्त किती आणि केव्हा एवढाच. साध्या फळीतल्या लाकडाच्या पुडीतलं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं आणि पहिल्या काही महिन्यांत फळी फिकी, राखाडीसर होते. नंतर हा वेग मंदावतो. म्हणून साधी फळी घेत असाल तर नवी कशी दिसते याला फार अर्थ नाही. विक्रेत्याने वर्षभरापूर्वी बसवलेलं एखादं काम दाखवायला सांगा आणि तो रंग आवडतो का बघा.

कॅप्ड फळीत हा बदल बराच कमी असतो. वॉरंटीचा कागद मात्र नीट वाचा. 'दहा वर्षं वॉरंटी' बहुतेक वेळा फळी कुजणं, फुटणं यासाठी असते. रंगासाठीची अट वेगळी लिहिलेली असते किंवा नसतेच.

लालसर छटांबाबत मी थोडा सावध राहीन. मातकट लाल, तपकिरी रंग आयर्न ऑक्साइडचे असतील तर ते उन्हात उत्तम टिकतात. भडक रेडवुड किंवा महोगनीमध्ये सेंद्रिय रंगद्रव्य असेल तर ते लवकर विटतं. कागदावर हे कळत नाही, त्यामुळे पुन्हा तेच: जुनं काम बघा.

कुंड्यांबद्दल कुणी आधी सांगत नाही. कुंडीखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथला रंग तसाच राहतो आणि सहा महिन्यांनी कुंडी सरकवली की गोल ठसा दिसतो. मावशीच्या डेकवर तुळशीच्या कुंडीचा असा ठसा आहे. पहिलं वर्षभर कुंड्या अधूनमधून हलवा, किंवा खाली पाय असलेलं स्टँड ठेवा.

साध्या नव्या फळीतून पहिल्या पावसात तपकिरी पाणीही निघतं. लाकडातले विरघळणारे घटक वाहून जातात, चहासारखे. ते पाणी आउटलेटमधून खालच्या मजल्याच्या भिंतीवर गेलं तर सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव निघणार. पावसाळ्याआधी डेक दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुऊन घ्या.

धूळ, कबुतरं आणि हळद

सगळं ऐकून आई म्हणाली, "मग पांढराच घेऊ या." तिला वाटलं, प्रश्न मिटला. पण फार फिक्या फळीवर आपलं घर दिसतं. चहाचे थेंब, तेलाचा डाग, पावसाळ्यातलं हिरवट-काळं शेवाळ, ग्रिलवरून ओघळलेला गंज. गंजातलं लोखंड साध्या फळीतल्या टॅनिनशी मिळून काळा डाग पाडतं, तो सहज निघत नाही. हळदीचा डाग मात्र घाबरण्यासारखा नाही. त्यातलं कर्क्युमिन उन्हात स्वतःच विरून जातं. त्याच्याबरोबरचं तेल तेवढं राहतं.

गडद फळीवर उलट प्रकार. आपल्याकडची धूळ फिकी असते, त्यामुळे चारकोलवर झाडू मारल्यावर तासाभरात पावलं उमटतात. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वाळलं की पांढरे ओघळ दिसतात. आणि कबुतरं. पुण्या-मुंबईत कबुतरांचा त्रास असलेल्या माणसाने काळा डेक घेणं म्हणजे रोज सकाळी बादली उचलण्याची तयारी ठेवणं.

मधले रंग इथे जिंकतात: वाळूचा तपकिरी, मध्यम राखाडी, फिका सागवानी. त्यातही एकसलग रंगापेक्षा दोन-तीन छटा मिसळलेली फळी डाग जास्त लपवते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात जांभ्याची लाल माती पायाला लागून येत असेल तर राखाडीपेक्षा तांबूस तपकिरी बरा.

शोरूममध्ये रंग का फसवतो?

शोरूममध्ये पिवळसर दिवे असतात. त्यात तपकिरी रंग उबदार दिसतो आणि राखाडी बेज वाटतो. शेड कार्डवरचा तुकडा बिस्किटाएवढा. तोच रंग दीडशे चौरस फुटांवर पसरला की वेगळाच भासतो, उन्हात बहुधा अधिक उजळ. ओली फळी पुन्हा निराळीच, बरीच गडद.

म्हणून निदान फूटभर लांबीचे तीन तुकडे घरी आणा. पैसे मागितले तर द्या; दीडशे चौरस फुटांच्या कामाच्या खर्चापुढे ते नगण्य आहेत. तुकडे टेरेसवर, जिथे सगळ्यात जास्त वेळ ऊन असतं तिथे, जमिनीपासून थोडे उचलून ठेवा. दुपारी एक वाजता पालथा हात प्रत्येकावर ठेवून पाच सेकंद मोजा. हात काढून घ्यावा लागला, तर तो रंग अनवाणी पायांसाठी नाही. हेच साडेचारला पुन्हा करा. मग एक तुकडा भिजवा, एकावर मोबाइलचा टॉर्च न लावता रात्री बाहेरच्या दिव्यात बघा. ज्यांची संवेदना कमी आहे त्यांना हात ठेवायला सांगू नका, मोजणं तुमचं काम.

थर्मामीटर वापरायचा मोह होईल. कोविडकाळात घेतलेली कपाळावर धरायची गन इथे उपयोगाची नाही. ती शरीराच्या तापासाठी बनवलेली असते आणि साधारण ४३ अंशांच्या पुढे हात टेकते. औद्योगिक वापराची इन्फ्रारेड गन वेगळी मिळते. इलेक्ट्रिशियन किंवा एसी मेकॅनिककडे बहुधा असते, तासाभरासाठी मागून आणा.

नंतर वरून रंग मारता येईल का?

साध्या फळीवर योग्य स्टेन मारता येतो, पण मग दर काही वर्षांनी तो मारत बसा. ज्या कटकटीतून सुटायला डब्ल्यूपीसी घेतलं तीच परत. कॅप्ड फळीच्या कवचावर रंग नीट धरत नाही आणि घासून काढायला गेलात तर कवच जातं, बरोबर वॉरंटीही जाऊ शकते. थोडक्यात, निवडलेल्या रंगाबरोबर राहायचं आहे.

मावशीकडे म्हणूनच डेक काढला नाही. पश्चिमेच्या बाजूला हिरवी शेडनेट बांधली, वाळवणासाठी पांढरी प्लास्टिकची खाट आणली आणि दाराबाहेर जाड तळाच्या चपलांचा जोड कायमचा ठेवला. 'वाळवणाच्या चपला' असं त्यांचं नाव. पायाचा फोड भरायला पाच आठवडे लागले आणि दर दोन-तीन दिवसांनी ड्रेसिंगला जावं लागलं. रबरी मॅट टाकून बघितली होती, पण तिच्याखाली उष्णता कोंडते आणि फळीवर डाग पडतो, म्हणून ती उचलली. एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल: कुरडया यंदा एका दिवसात खणखणीत वाळल्या.

साताऱ्यात आम्ही तीन तुकडे आठवडाभर टेरेसवर ठेवले. दुपारी एकला पाच सेकंद एकावरही हात टिकला नाही. साडेचारला वाळूच्या रंगावर आणि फिक्या सागवानी रंगावर टिकला, वॉलनटवर नाही. शेवटी वाळूचा तपकिरी, दोन छटांचा, कॅप्ड ठरला. बाबांना वॉलनटच आवडला होता. तो हॉलमधल्या शू-रॅकला वापरायचं कबूल करून त्यांना राजी केलं.

ऑर्डर देताना दहा टक्के फळ्या जास्त आणि सगळ्या एकाच लॉटच्या मागितल्या. दोन लॉटमध्ये तोच रंग थोडा वेगळा येऊ शकतो, आणि तीन वर्षांनी एखादी फळी बदलायची झाली तर दुकानातली नवी फळी जुन्याशी जुळणार नाही. उरलेल्या फळ्यांपैकी दोन टेरेसच्याच कोपऱ्यात, उन्हात ठेवणार आहोत, म्हणजे त्याही बरोबरीने फिकट होतील. फळ्या टाकण्याआधी टेरेसमध्ये दोन दिवस पाणी भरून गळती तपासायची आहे. लॉट नंबर आईने गॅस बुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे.